तळमजल्यावरची पहिली

सेलीन परेरा यांचे नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, वसईजवळच्या त्यांच्या गावी भावाच्या घरी निधन झाले. त्या अविवाहित होत्या. कोपरखैरण्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेचा मराठी प्राथमिक विभाग त्यांनी सुरू केला, चालवला आणि तो बंद होईपर्यंत त्या तिथेच होत्या. शाळेला सुट्टी असल्याने बातमी फलकावर लागली नाही. ती दारावरून दारावर गेली. बुधवारी सकाळी माथाडी वसाहतीतल्या काही बायका वसईची वाट विचारत निघाल्या, तेव्हा बाईंचे नाव सेलीन आहे हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी त्या परेराबाई होत्या.

मे महिना त्यांचा होता. इतर शिक्षकांचा तो गावी जाण्याचा, आंब्यांचा, झोपेचा महिना, परेराबाईंचा चालण्याचा. त्या काळी कोपरखैरण्यात सावली अशी नव्हतीच. झाडे लावलेली होती, पण ती अजून लोखंडी पिंजऱ्यांत कमरेएवढी उभी होती; रस्ते आखलेले होते आणि त्यांच्या दोन्ही अंगांना रिकाम्या भूखंडांवर पिवळे गवत वाळून आडवे पडलेले होते. खाडीकडून खारा वारा येई, रबाळ्याच्या कारखान्यांकडून कधी नासक्या फळासारखा वास येई, आणि पारसिकच्या डोंगरात सुरुंग उडाला की बैठ्या घरांच्या पत्र्यांना बारीक कंप सुटे. त्या पांढऱ्या उन्हातून एक काळी छत्री जात असे. छत्रीखालचा चेहरा दिसत नसे; दिसे ती फिक्या निळ्या काठाची सुती साडी, खांद्याची कापडी पिशवी आणि मऊ झालेल्या डांबरावर आवाज न करता पडणाऱ्या सपाट चपला. दाराशी आल्यावर त्या कडी वाजवत नसत. बोटांच्या पेरांनी दारावर टकटक करत, वर्गाचे लक्ष वेधण्यासाठी फळ्यावर करत तशीच. आतून कुणी ओ दिली की छत्री मिटे आणि चेहरा दिसे: सावळा, रुंद, घामाने चकचकीत, आणि नेमका त्या क्षणी हसू लागलेला.

मी त्या विभागात तिसरीचा वर्गशिक्षक होतो. विभाग मिटल्यावर वृत्तपत्राच्या कचेरीत गेलो. पुढे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी पाहिलेले आहे. ऐकलेले आहे तिथे तसे म्हटले आहे.

त्यांचे गाव केळीच्या वाड्यांचे. तिथले ख्रिस्ती लोक घरात, शेतात आणि देवळात मराठीच बोलतात, आणि चर्चला देऊळच म्हणतात. मराठी ही परेराबाईंची शिकलेली भाषा नव्हती. रडण्याची, रागावण्याची आणि गुडघे टेकून प्रार्थना करण्याची भाषा होती. नव्या वसाहतीत याचे लोकांना नवल वाटे. साताऱ्याकडच्या एका आजोबांनी त्यांना शाळेच्या फाटकातच अडवले होते.

“तुमी किरिस्ताव ना? मग पोरांना मराठी कसं काय शिकिवता?”

“आजोबा, तुम्ही देवाशी भांडता कोणत्या भाषेत?”

“मराठीत. अजून कशात?”

“मीपण.”

आजोबा हसले आणि नातवाचे नाव घालून गेले.

इमारत तीन मजल्यांची होती. तळमजल्यावर मराठी पहिली ते चौथी, वरच्या दोन मजल्यांवर इंग्रजी शाळा. फाटक एक, गणवेश एक, मधला जिना एक. वरच्या मजल्यांवर मुले शिक्षिकेला ‘मिस’ म्हणत, खाली ‘बाई’. मधल्या सुट्टीत पाणी पिताना दोन्हीकडची मुले एकाच नळाशी येत आणि तिथे धक्काबुक्की मात्र एकाच भाषेत चाले.

पहिलीचा वर्ग परेराबाईंनी कधी दुसऱ्या कुणाला दिला नाही. विभाग चालवण्याचे सगळे काम असूनही सकाळचे पहिले तास त्या त्याच वर्गात असत. त्यांच्याकडे मुलाचे पहिले अक्षर पाटीवर किंवा वहीत उमटत नसे. बाई खाली बसून आपला तळहात पुढे करत आणि मूल त्यावर बोटाने अक्षर काढी. काही मुलांचे बोट घामेजलेले असे, काहींचे चिकट, काहींना गुदगुल्या आपल्याला होत नसून बाईंना होत असतील या कल्पनेनेच हसू फुटे. अक्षर पुरे झाले की बाई मूठ मिटत आणि म्हणत, “ठेवलं.” अख्ख्या वर्गाचे होईपर्यंत सकाळ निघून जाई. शिक्षणाधिकाऱ्यांनी एकदा हे पाहून अभ्यासक्रम कधी पुरा होणार असे विचारले होते. बाई म्हणाल्या, “साहेब, घाबरलेला हात वर्षभर लिहीत नाही. एक सकाळ काय जास्त आहे?”

दुपारी बाराला शेजारच्या प्रार्थनामंदिरात घंटा होई. ती देवदूताच्या प्रार्थनेची वेळ. बाई जिथे असतील तिथे उभ्या राहत, बोलणे अर्धे सोडून, खडू हातात तसाच धरून. वर्गात ख्रिस्ती मूल एखादेच असे. बाकीच्यांना त्यांनी सांगितले होते की प्रार्थना येत असेल त्याने ती म्हणावी. येत नसेल त्याने सकाळी डबा कुणी भरून दिला ते आठवावे. त्यामुळे रोज दुपारी तळमजल्यावर एक विलक्षण शांतता पसरे. वरच्या मजल्यावरून पाढ्यांचा गजर येत असे, रस्त्यावरून रिक्षांचे भोंगे येत, आणि खाली चार वर्ग आपापल्या आया आठवत उभे असत. एक माथाडी बाप काळजीने शाळेत आला होता. “बाई, पोरगी जेवायला बसायच्या आदी गप हुबी ऱ्हाती. आईकडं टक लावून बगती. काय बाधा-बिधा झालीय का?”

बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि खरे काय ते सांगितले. तो काही वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, “मग बापाला कदी आठवायचं?”

“पाढे म्हणताना,” बाई म्हणाल्या. “ते तुमच्या पाठीवरच्या गोणींएवढेच जड असतात.”

नव्वदच्या सुरुवातीपर्यंत वर्ग भरत होते. मग वसाहतीत इंग्रजी शाळा निघू लागल्या. काही इमारतींत, काही दोन सदनिका एकत्र करून. त्यांच्या पाट्यांवर टाय लावलेली गोरी मुले असत. मराठी शाळांच्या शिक्षकांनी मे महिन्यात घरोघर जाऊन मुले गोळा करावीत हा प्रघात त्याच काळात रुळला. शिक्षक एकमेकांत त्याला ‘पोरं धरायला जाणे’ म्हणत. परेराबाईंना तो शब्द आवडत नसे. त्या म्हणत, “बोलावणं करायला जाऊ या, सर.” आणि लग्नाचे बोलावणे करावे तसे त्या खरोखरच करत: आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलणे, मग बाळाची चौकशी, मग पाणी, आणि शेवटी शाळा.

पाणी सगळीकडे मिळे. मुले मिळत नसत.

घणसोलीच्या गावठाणातल्या एका आगरी आजीने आम्हाला ओटीवर बसवले होते. “बाय, पयले पानी पी. मंग बोल,” ती म्हणाली, आणि बाईंचे बोलणे संपल्यावर समोरच्या बांधकामाकडे बोट करून म्हणाली, “ता बगलंस? आमचा शेत होता. पोरांना विंग्लिश नाय शिकवलं त याच बिल्डिंगीचं वॉचमन होतील.” बाईंनी आजीचा हात हातात घेतला, पाण्याचे भांडे पालथे घातले आणि छत्री उघडली.

शालनचे घर माथाडी वसाहतीत होते. ती साताऱ्याकडची, नवरा महादेव तुर्भ्याच्या घाऊक बाजारात गोणी उचलायचा. मुलगी स्वाती सहाव्या वर्षात होती.

“काय वो बाई, ह्या उनाचं कशाला फिरताय? या, आत या. पर आदीच सांगते, पोरगी इंग्रजीत घालायचीय.”

“का गं?”

“का म्हंजे? बापासारखी पाठीवर गोण घ्यायला लावू का तिला?”

“महादेवच्या पाठीवर गोण मराठीमुळे नाही आली, शालन. शाळा सुटली म्हणून आली.”

“ते खरं हो. पर नोकरीचा कागद येतो इंग्रजीत, दवाखान्याचा कागद येतो इंग्रजीत. मराठीत काय येतं? लगनाची पत्रिका.”

बाई मोठ्याने हसल्या. त्या हसल्या की डोळ्यांत पाणी येई आणि ते त्या पदराने टिपत. शालनही हसली. पण होकार मिळाला नाही.

त्याच वर्षी मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टा यांनी परेराबाईंना संस्थेचा निर्णय सांगितला होता. पूर्ण शाळेच्या प्रमुख त्या. कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या, मराठी सावकाश आणि जपून बोलणाऱ्या. जूनमध्ये मराठी पहिलीचा वर्ग भरला तर विभाग राहील. नाही भरला तर पहिली उघडणार नाही, आणि आहेत ती मुले वर सरकतील तसतसा एकेक वर्ग मिटत जाईल. परेराबाईंनी हे आम्हा शिक्षकांना सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात चढउतार नव्हता. “शाळा वरून बंद होत नाही,” त्या म्हणाल्या. “खालून होते.” एवढे बोलून त्यांनी छत्रीची तुटलेली काडी दोऱ्याने बांधायला घेतली.

मेच्या मध्यावर एक अनपेक्षित गोष्ट घडली. पालक आपण होऊन येऊ लागले.

आधी एकदोन घरची माणसे आली, मग रोज. ज्यांनी पाणी देऊन परत पाठवले होते तीच माणसे मुलांना तेल लावून, भांग पाडून, हाताला धरून तळमजल्याच्या व्हरांड्यात उभी राहू लागली. परेराबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे होते त्याला आनंद म्हणणे अपुरे आहे. पाणी लागल्यावर विहीर खणणाऱ्याचा चेहरा काही वेळ जसा मूढ होतो, तसे ते होते. त्या प्रत्येक मुलासमोर खाली बसत आणि तळहात पुढे करत. वर्ग भरला. आणखी एक तुकडी काढावी लागेल की काय, असे सिस्टर म्हणाल्याचे मी ऐकले.

शालन महादेवला घेऊन आली ती त्याच आठवड्यात. स्वातीच्या वेण्यांना नव्या लाल फिती होत्या. तिने बाईंच्या हातावर बोट फिरवले आणि बाई “ठेवलं” म्हणाल्या तेव्हा तिने ती मूठ उघडून आत पाहिले. शालनने जिन्याकडे मान वर करून विचारले, “बाई, वर गेल्यावर हिचा वर्ग कुठल्या बाजूला?”

“वर?”

“दोन वर्सांनी वर घेत्यात न्हवं? समद्या वसाहतीत म्हायती हाय. वर घालायचं तर आईबापाची मुलाकत घेत्यात, आमचं काय टिकतंय तितं? खाली मुलाकत न्हाय. म्हनून आदी खाली घालायचं, मंग जिन्यानं वर.”

परेराबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी महादेवकडे पाहिले. तोही मान डोलावत होता.

हा समज कुठून आला ते नंतर कळले. आदल्या वर्षी तळमजल्याच्या एका खोलीला रंग द्यायचा होता म्हणून आमचा दुसरीचा वर्ग काही दिवस पहिल्या मजल्यावर भरला होता. मुलांना घ्यायला येणाऱ्या आयांनी तळमजल्यावरची मुले दप्तरे घेऊन जिना चढताना पाहिली. दुसरी झाली की वर नेतात, असा त्यांनी अर्थ लावला. खोटे कुणीही बोलले नव्हते. रंग वाळल्यावर मुले खाली आली, ते पाहायला कुणी थांबले नव्हते.

सिस्टर बेनेडिक्टा यांच्या कचेरीत त्या दुपारी आम्ही तिघे होतो. पंखा फिरत होता. सिस्टरांनी सगळे ऐकून घेतले.

“परेराबाई, आपण कुणाला वचन दिलं का?”

“नाही.”

“मग जूनपर्यंत गप्प राहा. एकदा मुलं तुमच्या हाताखाली आली की कोण काढून नेतो, बघू या.”

मीही तेच म्हणालो. वर्ग भरला आहे, विभाग वाचतो आहे, आणि तुम्ही खोटे बोललेल्या नाहीत, असे म्हणालो.

“आणि दोन वर्षांनी?” बाई म्हणाल्या. “पोर दप्तर घेऊन जिन्याखाली उभं राहील, सर. त्याला मी काय सांगू, मी खोटं बोलले नव्हते म्हणून?” मग सिस्टरांकडे वळून म्हणाल्या, “शनिवारी पापांची कबुली द्यायला फादरांपुढे गुडघे टेकायचे आहेत मला. तिथे काय सांगू? वर्ग भरला?”

“ते माझ्यावर सोडा,” सिस्टर हळू म्हणाल्या.

“पाप दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही, सिस्टर.”

सिस्टर खिडकीकडे पाहत राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या हातात जपमाळ होती आणि अंगठा एका मण्यावर थांबलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून काळी छत्री पुन्हा निघाली. मी बरोबर होतो. तीच घरे, तीच दारे, तशीच टकटक. या वेळी मात्र पाण्याऐवजी चहा येई, बसायला सतरंजी येई, कारण आता त्या मुलांना वर नेणाऱ्या बाई होत्या. त्या बसत नसत. उंबऱ्याशी उभ्या राहूनच सांगत: तळमजल्यावरची मुले वरच्या शाळेत घेतली जाणार नाहीत, चौथीनंतर त्यांना दुसऱ्या मराठी शाळेत जावे लागेल, हे कळूनही मूल ठेवायचे असेल तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.

लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. माणसे समजूतदारपणे हसत. एक रिक्षावाला म्हणाला, “बाई, टेन्शन नको. तुमाला असं बोलावं लागतं, समजतं आमाला. आमी कुटं बोलनार नाय.” त्याच्या बायकोने खूण केल्यासारखे डोळे मिचकावले. नाकारणे हीच त्यांना खरेपणाची खात्री वाटली. सरकारी कचेऱ्यांचा त्यांचा अनुभव तसाच होता. तेव्हा परेराबाईंनी शब्द बदलले. वर्गात कुणी आईशप्पत म्हटले तर त्याच्या डोक्यावर हलकी टपली मारणाऱ्या, देवाचे नाव असे वापरायचे नसते म्हणून सांगणाऱ्या बाईंनी त्या मे महिन्यात दारोदार उभे राहून देवाची शपथ घेतली. गळ्यातला बारीक क्रूस त्या चिमटीत धरत. शपथ घेताना त्यांचा आवाज खाली जाई आणि मानेवरची शीर दिसू लागे.

तेव्हा लोकांना पटले.

शालनच्या घरी आम्ही शेवटी गेलो. ती ऐकत असताना स्वाती आतल्या खोलीतून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. शालनने पदर खोचला, पुन्हा काढला.

“तुमी सांगायला नको हुतं, बाई.”

“खोटं कसं ठेवू, शालन?”

“आमाला म्हायतीच नसतं तर पोरगी तुमच्याकडं बसली असती. तुमच्या हाताखाली दोन वर्सं तरी शिकली असती. आता म्हायती झाल्यावर मी तिला कशी ठेवू? उद्या तीच म्हनंल, आयेला ठावं हुतं, तरी घातलं.”

तिचे रडू रागाचे होते. बाईंनी तिच्या खांद्याकडे हात नेला आणि अर्ध्यातच थांबवला. परतीच्या वाटेवर ऊन कललेले होते, तरी छत्री उघडलेलीच होती.

नावे काढली गेली. दोन-चार घरांनी मुले ठेवली. वर्ग चालवायला ती पुरेशी नव्हती. जूनमध्ये मराठी पहिली उघडली नाही. त्या दोन-चार मुलांना बाईंनी जवळच्या सरकारी शाळेत स्वतः नेऊन बसवले.

त्यानंतरची वर्षे मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकणाऱ्या उन्हासारखी पाहिली. पहिलीच्या खोलीतली बुटकी बाके आधी तशीच राहिली, मग भिंतीशी रचली गेली, मग वर नेण्यात आली. पुढच्या जूनला दुसरीची खोली रिकामी झाली, त्याच्या पुढच्या जूनला माझी तिसरी. परेराबाई शेवटच्या तुकडीबरोबर वर्गावर्गांतून पुढे जात राहिल्या. ज्यांना त्यांनी तळहातावर लिहायला शिकवले होते, त्यांना त्यांनी दीर्घ भागाकारापर्यंत आणले. बाराच्या घंटेला पूर्वी चार वर्ग उभे राहत. मग तीन, मग दोन, शेवटी एक. शांतता मात्र कमी झाली नाही, वाढली.

त्यांना खोकला लागला होता. आधी तो खडूचा वाटला. मग जिन्याशी उभे राहून दम घेणे सुरू झाले. आजार फुप्फुसांचा आहे हे त्यांनी आम्हा शिक्षकांना सांगितले नाही. सिस्टरांना सांगितले होते, ते मला नंतर कळले. वाचून दाखवणे ही त्यांची सर्वांत सुंदर कृती होती, कारण त्या वाचू लागल्या की स्वल्पविरामसुद्धा ऐकू येत. शेवटच्या वर्षी तो आवाज गेला. मग त्या एखाद्या मुलीला वाचायला उभी करत आणि स्वतः खुर्चीत बसून हाताने थांबण्याच्या जागा दाखवत. हात वर गेला की मुलगी थांबे, खाली आला की पुढे जाई. बाहेरून जाणाऱ्याला वाटावे, गाणे चालले आहे.

मार्चमध्ये शेवटची चौथी झाली. निरोपसमारंभ बाईंनी होऊ दिला नाही. एप्रिलभर बाई त्या मुलांच्या पुढच्या शाळांच्या खेपा घालत होत्या, आणि सगळ्यांची सोय लागल्यावर त्यांचा भाऊ भाजीचा टेम्पो घेऊन आला आणि त्यांना वसईला घेऊन गेला.

मी त्यांना एकदाच भेटायला गेलो. हिवाळा होता. त्या घराच्या ओटीवर आरामखुर्चीत होत्या, अंगावर शाल, आणि केळीच्या पानांतून गाळून येणारे हिरवट ऊन त्यांच्या पायांवर पडले होते. वाडीत पाणी सोडल्याचा आवाज येत होता. त्या थोडे बोलत, मग थांबत. थांबण्याची जागा दाखवणारा हात मांडीवर निजलेला होता.

“तळमजल्यावर आता काय आहे, सर?”

“संगणकाची खोली. आणि वरचे दोन वर्ग खाली आणलेत.”

“चांगलं झालं. खोल्या रिकाम्या राहू नयेत.” मग म्हणाल्या, “शालनची स्वाती?”

स्वाती सदनिकांमधल्या एका इंग्रजी शाळेत होती. तिचे बरे चालले आहे असे शालनने मला सांगितले होते. तेच मी सांगितले.

“वाचते का?”

“इंग्रजी वाचते.”

“आणि मराठी?”

“बोलते.”

त्यांनी मान हलवली. पाण्याचा आवाज थांबला; भावाने दुसऱ्या वाफ्यात पाट वळवला असावा. मग त्यांनी विचारले, “मी गप्प राहायला हवं होतं का?”

मी त्यांची घसरलेली शाल सारखी केली. त्यांनी पुन्हा विचारले नाही. निघताना त्यांनी भावाला सांगून माझ्याबरोबर केळ्यांचा एक फणा दिला.

दफन बुधवारी सायंकाळी झाले. अंत्यविधीची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, मराठीत होती. वसाहतीतल्या बायका देवळात मागच्या बाकांवर डोक्यावर पदर घेऊन बसल्या. लोक गुडघे टेकत तेव्हा त्या उभ्या राहत आणि लोक उभे राहत तेव्हा हात जोडत. कबरीशी माती देण्याची वेळ आली तेव्हा त्यांना काही सांगावे लागले नाही. त्या एकामागून एक पुढे आल्या आणि मूठभर माती टाकून बाजूला झाल्या. शालन त्यांच्यात होती. फाटकाबाहेर येऊन तिने चपला घातल्या आणि कुणाकडे न पाहता म्हणाली, “एवढं खरं बोलायचं हुतं, तर मग एवढं गोड कशाला बोलायचं?” शेजारणीने तिला धरून नेले.

सिस्टर बेनेडिक्टा यांची तोवर बदली झालेली होती. त्यांच्या नव्या ठिकाणी बातमी कधी पोहोचली, ते मला कळू शकले नाही.

शाळा जूनमध्ये उघडली. पहिल्या आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेनंतर शोकप्रस्ताव वाचण्यात आला. शाळेत आता एकच माध्यम असल्यामुळे तो इंग्रजीत होता. त्याची एक प्रत परेराबाईंच्या भावाला वसईला पाठवण्यात आली. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी ती रविवारी मिस्सेनंतर देवळात नेली आणि फादरांकडून मराठीत वाचून घेतली.